एम.ए.चा शोधप्रबंध : विषयनिवडीपासून मौखिकीपर्यंत

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे चौथे सत्र संपत आले की भाषा विभागांत एकच धांदल उडते. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मार्गदर्शकांची स्वाक्षरी, बांधणी आणि सर्वांत शेवटी मौखिकी. दोन वर्षांच्या अभ्यासाचा हा अखेरचा टप्पा अनेकांना केवळ एक सोपस्कार वाटतो. मागील वर्षीचा एखादा प्रबंध समोर ठेवून त्याच धर्तीवर प्रकरणे रचली की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. मौखिकीच्या वेळी परीक्षकांनी 'हे तुम्हाला कशावरून कळले?' एवढा साधा प्रश्न विचारला की या समजाचा फोलपणा लक्षात येतो.

वस्तुतः संपूर्ण प्रबंध हे या एकाच प्रश्नाचे उत्तर असते. यवतमाळ जिल्ह्यातील भाषेच्या विद्यार्थ्याला तर हे उत्तर स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनी मिळविण्याची दुर्मीळ संधी आहे. त्यादृष्टीने विषयनिवडीपासून मौखिकीपर्यंतच्या वाटचालीचा हा आढावा.

बदललेले स्वरूप

एम.ए.साठी प्रबंध लिहिण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबई विद्यापीठात पूर्वी लेखी प्रश्नपत्रिकांऐवजी प्रबंध सादर करूनही एम.ए. होता येत असे. इरावती कर्वे यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांविषयी प्रबंध लिहून १९२८ मध्ये समाजशास्त्राची एम.ए. पदवी मिळविली, ती याच मार्गाने. पुढे प्रश्नपत्रिकांचा मार्ग रूढ झाला आणि संशोधनाचे पहिले धडे एम.फिल.च्या वर्गात गिरविले जाऊ लागले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद झाली. त्यामुळे एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली पायरीच नाहीशी झाली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी रचना आली, तीत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीसाठी ४, तिसऱ्या सत्रात शोधप्रकल्पासाठी ४ आणि चौथ्या सत्रात शोधप्रकल्पासाठीच ६ श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, गुणांची विभागणी असे तपशील प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात. ते विभागाकडून आरंभीच लेखी स्वरूपात घ्यावेत. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

थोडक्यात, पूर्वी एम.फिल.ला जे शिकावयाचे ते आता एम.ए.लाच शिकणे भाग आहे. पुढे संशोधनात न जाणाऱ्यांसाठी तर स्वतः प्रश्न विचारून स्वतः उत्तर शोधण्याची ही बहुधा आयुष्यातील एकमेव औपचारिक संधी ठरते.

दाराशी असलेली सामग्री

सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार ३४८ होती. या जिल्ह्यात मराठीबरोबरच गोरमाटी, गोंडी, कोलामी, उर्दू, हिंदी आणि तेलंगणाच्या सीमेलगत तेलुगू कानी पडते. भाषेच्या अभ्यासकाला याहून समृद्ध क्षेत्र क्वचितच मिळेल. तरीही येथील प्रबंधांचे विषय पुण्या-मुंबईच्या लेखकांभोवती फिरत राहतात. त्या लेखकांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्यावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत, त्यांच्याविषयी नवे काही सांगणे दोन सत्रांत कठीण असते.

कोलामीचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणना होते. त्यांपैकी कोलामांची वस्ती केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, घाटंजी आदी तालुक्यांतील पोडांवर आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत देशभरात ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. १९५५ मध्ये मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रकाशित केला. त्यासाठीची सामग्री त्यांनी १९३० च्या दशकात शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गोळा केली होती. याच एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला. वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेजारी नांदता नांदता एकमेकींसारख्या होत जातात, हे त्याचे सार. जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या या विचाराचा पुरावा यवतमाळच्या विद्यार्थ्याला एस.टी.च्या एका प्रवासात ऐकावयास मिळतो.

गोरमाटीची स्थिती निराळी आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव परिसरातील तांड्यांवर ती आजही घरोघरी बोलली जाते. मात्र जनगणनेत बंजारी, लमाणी या नावांनी नोंदलेल्या मातृभाषांची बेरीज हिंदीत होते. जिल्ह्याची भाषावार आकडेवारी वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ठाऊक नसेल, तर त्याचा पहिलाच तक्ता दिशाभूल करणारा ठरेल.

मराठीच्या बोलींचा अभ्यासही असाच खुला आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरीचे नमुने आहेत. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण करून त्याची सामग्री महाजालावर उपलब्ध करून दिली आहे. डॉ. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातील 'महाराष्ट्र' हा अरुण जाखडे संपादित खंडही हाताशी आहे. सव्वाशे वर्षांच्या अंतराने घेतलेल्या या नोंदींची तुलना हाच एक विषय होऊ शकतो.

ज्यांना क्षेत्रकार्यापेक्षा ग्रंथालयात रमणे आवडते, त्यांच्यासाठीही येथे परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळच्या शारदाश्रमाने महानुभावांच्या हस्तलिखितांचा शोध व अभ्यास आरंभिला. डॉ. य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये आले. वा. ना. देशपांडे यांनी 'आद्य मराठी कवयित्री' आणि 'स्मृतिस्थळ' ही संपादने सिद्ध केली. मराठीच्या प्राचीन गद्याविषयी आज आपण जे सहज बोलतो, त्यातील बराच भाग विद्यापीठाच्या भिंतींपासून दूर, जिल्ह्याच्या गावी बसून पोथ्या उलगडणाऱ्या अशा अभ्यासकांमुळे कळला आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपूर या स्थानी, आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

विषय लहान, प्रश्न नेमका

'यवतमाळ जिल्ह्यातील बोलींचा चिकित्सक अभ्यास' असे भारदस्त शीर्षक घेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. हा विषय एका आयुष्यालाही पुरणारा नाही. याउलट पुढील प्रश्न पाहावा : दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंतच्या रस्त्यावर 'मले, तुले' कोठपर्यंत ऐकू येते आणि 'मला, तुला' कोठून सुरू होते? वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील आठ-दहा गावे, प्रत्येक गावातील तीन वयोगट आणि एकच प्रत्यय. एवढ्या सामग्रीवर ऐंशी पानांचा उत्तम प्रबंध उभा राहतो.

'डोळा, काळा' यांऐवजी वऱ्हाडीत ऐकू येणारे 'डोया, काया' हे उच्चार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बोलण्यात टिकले आहेत काय, हाही असाच नेमका प्रश्न. एखाद्या पोडावरील तीन पिढ्यांच्या कोलामी संभाषणात नात्यांच्या शब्दांपैकी कोणते मराठी झाले, हा आणखी एक. विषय योग्य आहे किंवा नाही, हे ठरविण्याची एक कसोटी आहे. उत्तर 'होय' अथवा 'नाही' यांपैकी काहीही येऊ शकत असेल, तर तो खरा प्रश्न. उत्तर आधीच ठरलेले असेल, तर तो केवळ गौरवलेख होतो.

पोडावर आणि तांड्यावर

क्षेत्रकार्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांपेक्षा शेतीच्या हंगामावर अवलंबून असते. हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी मोकळा असतो, तेव्हा नेमकी वेचणी सुरू असते आणि दिवसा वस्तीवर म्हातारी माणसे व लहान मुलेच भेटतात. सायंकाळी आलेल्या दमल्या माणसाला शब्दांची यादी वाचून दाखविणे योग्य नाही. त्यामुळे पहिली भेट केवळ ओळखीची ठेवावी. आपण कोण, कशासाठी आलो, ध्वनिमुद्रणाचे पुढे काय होणार, हे त्यांना कळेल अशा शब्दांत सांगावे व संमती घ्यावी. निवेदकाने नाव छापू नये असे सांगितल्यास ते छापू नये.

सामग्री गोळा करताना नेहमीची अडचण अशी की, प्रश्न मराठीत विचारला की उत्तरही मराठीकडे झुकते. कोलाम आणि बंजारा समाजांतील बहुतेक निवेदक द्विभाषिक असतात व पाहुण्याला समजेल असे बोलण्याचे सौजन्य दाखवितात. म्हणून शब्दयादीवर विसंबून न राहता एखादी आठवण, कहाणी किंवा कामाची कृती सांगावयास लावावी आणि शक्य तर घरातील दोन माणसांचा आपसांतील संवाद ऐकावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत गाव, दिनांक, निवेदकाचे वय, शिक्षण आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा यांची नोंद त्याच दिवशी करावी. आठवड्यानंतर यांतील निम्म्या गोष्टी आठवत नाहीत.

लिप्यंतर हे स्वतंत्र कौशल्य आहे. कोलामीत ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही प्रकारचे 'ए' व 'ओ' आहेत. मराठीच्या नेहमीच्या वर्णमालेत त्यांच्यासाठी वेगळी अक्षरे नाहीत. ऱ्हस्व उच्चारांसाठी 'ऎ' आणि 'ऒ' ही चिन्हे वापरावीत अथवा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा आधार घ्यावा, परंतु जी पद्धत स्वीकारली ती प्रारंभी सांगून शेवटपर्यंत पाळावी. अन्यथा भाषेतील भेद आणि लेखनातील हलगर्जीपणा यांत फरक करता येत नाही.

स्वतःच्या मातृभाषेवर काम करणाऱ्या बंजारा अथवा कोलाम विद्यार्थ्याला येथे मोठा लाभ आहे. शाळेत ज्या उच्चारांना 'अशुद्ध' म्हटले गेले, तेच येथे पुरावा म्हणून मांडता येतात. मात्र 'आमच्यात असेच बोलतात' हे वाक्य प्रबंधात पुरेसे नाही. कोण, कोठे आणि केव्हा बोलले, ही नोंद त्यालाही द्यावी लागते.

लेखन आणि वाङ्मयचौर्य

प्रस्तावना, पूर्वाभ्यासाचा आढावा, पद्धती, सामग्रीचे विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भसूची व परिशिष्टे हा प्रबंधाचा रूढ आराखडा आहे. लिहिताना मात्र विश्लेषणाचे प्रकरण आधी घ्यावे. हाती काय आले हे कळल्याशिवाय प्रस्तावनेत काय आश्वासन द्यावयाचे, हे ठरत नाही. जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, नद्या आणि प्रेक्षणीय स्थळे यांवर पंचवीस पाने खर्च करण्याची पद्धत टाळावी. विषयाला लागेल तेवढीच पार्श्वभूमी पुरे.

संपूर्ण मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना विस्कटतो व लिप्यंतरातील खुणा प्रथम नाहीशा होतात. संदर्भसूचीसाठी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. पुस्तक हातात असतानाच आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठांक लिहून घ्यावेत.

वाङ्मयचौर्याविषयी आयोगाची २०१८ ची नियमावली एम.ए.च्या प्रबंधांनाही लागू होते. तीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष सादरीकरणास मनाई होते आणि ६० टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होऊ शकते. योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे यात धरली जात नाहीत. तथापि टक्केवारी हा किमान निकष झाला. तयार प्रबंध विकत घेणारा, अथवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून पाने लिहवून घेणारा विद्यार्थी यंत्राच्या चाळणीतून कदाचित सुटेल. 'हे कोणाकडून ऐकले?' या प्रश्नातून तो सुटत नाही.

मौखिकी

मौखिकीत सामान्यतः मार्गदर्शक अथवा विभागप्रमुख आणि बहिःस्थ परीक्षक उपस्थित असतात. विद्यार्थी प्रथम दहा-पंधरा मिनिटांत आपले काम मांडतो व नंतर प्रश्न विचारले जातात. या मांडणीत सर्व प्रकरणांचा सारांश वाचून दाखविण्याचे कारण नाही. परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो. प्रश्न काय होता, तो कसा तपासला, काय आढळले आणि कशाची खात्री देता येत नाही, एवढे सांगावे. यातील शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. वास्तविक विद्यार्थ्याची परिपक्वता तेथेच दिसते.

परीक्षकांचे प्रश्न बहुधा ठरावीक दिशांनी येतात. हीच गावे का निवडली? निवेदक बारा आहेत, त्यांत स्त्रिया किती? तुमचा निष्कर्ष पूर्वीच्या अभ्यासाशी जुळत नसेल, तर बरोबर कोण? अमुक पृष्ठावरील रूप प्रत्यक्ष ऐकले आहे की पुस्तकातून घेतले आहे? यांची उत्तरे पाठ करून देता येत नाहीत. मात्र क्षेत्रकार्याची वही व ध्वनिमुद्रणे सोबत असल्यास ती सहज देता येतात. 'स्त्रिया तीनच आहेत, कारण वेचणीच्या दिवसांत भेट होऊ शकली नाही, म्हणून स्त्रियांच्या बोलीविषयी मी निष्कर्ष काढलेला नाही,' हे उत्तर दुबळे वाटले तरी भक्कम आहे. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगावे. परीक्षकांशी वाद घालू नये, तसेच जे स्वतः तपासले आहे ते केवळ संकोचापोटी सोडूनही देऊ नये. 'सर, माझ्या नोंदीत हे रूप दोन गावांत आले आहे,' असे नम्रपणे व पृष्ठांक दाखवून सांगणे, यालाच प्रबंधाचे समर्थन म्हणतात.

दुरुस्त्या सुचविल्या गेल्यास खचून जाण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविली. लंडन विद्यापीठाला १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो त्यांनी सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये पदवी संपादन केली. आज अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो ग्रंथ वाचतात. तो पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नव्हता, हे फार थोड्यांना आठवते.

पदवीनंतर

पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात जमा होतात. एम.ए.च्या प्रबंधांना मात्र तसे सार्वत्रिक घर नाही. विभागाच्या कपाटात ठेवलेली प्रत काही वर्षांत कोणाला सापडत नाही आणि पुढचा विद्यार्थी तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून नियमाने लागणाऱ्या प्रतींखेरीज एक प्रत तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावी. ध्वनिमुद्रणांची एक संच-प्रत विभागाकडे आणि एक निवेदकाच्या कुटुंबाकडे पोहोचवावी. ज्या पोडावरून कहाणी आणली, तेथील शाळेला तिचे मुद्रित रूप भेट द्यावे. यासाठी शे-दोनशे रुपयांहून अधिक खर्च येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठीचे पुरावे ज्या जुन्या गद्यातून आणि नोंदींतून पुढे आले, त्यांतील अनेक कोणीतरी कोपऱ्यातल्या गावी बसून एकेक पान तपासत गोळा केले होते. कोलामी अथवा गोरमाटीपाशी असा साठा अजून फार तोकडा आहे. पोडावरील एखादी आजी सत्तर वर्षांपूर्वीचे शब्द आज उच्चारते आहे. ते नीट ऐकून, तारीख-गावासह कागदावर आणणारा विद्यार्थी एम.ए.चाच असू शकतो. त्याने चुकीचे लिहिले, तर पुढचे अभ्यासक तीच चूक उद्धृत करतील. त्याने अचूक लिहिले, तर ती नोंद त्या कुटुंबाच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल. ऐंशी पानांच्या प्रबंधाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही.